लाल पेन दप्तरात ठेवल्यावर

लातूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: "औसा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिसरीचा वर्ग माझ्याकडे. रोज अप-डाऊन. मुलगी पाचवीत, तिची नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे; मुलगा पहिलीत. पगार आहे, घरात कुणाला आजारपण नाही, तरी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आज काही बरं घडलं असं आठवतच नाही. जो तो म्हणतो, छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा. शोधायचा म्हणजे नेमकं करायचं काय? आणि दुसरं, सप्टेंबरच्या अतिवृष्टीत वर्गातल्या कितीतरी लेकरांच्या घरचं सोयाबीन गेलं. अशा वेळी मी माझा आनंद शोधत बसणं शोभतं का?"

ताई, दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसरा तर फार थोडे लोक विचारतात. त्याच्याकडे शेवटी येते, आधी पहिला.

'आनंद शोधा' असं सांगणारा बहुतेक वेळा रिकामा बसलेला असतो. ऐकणारीच्या एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात लेकीची वेणी, आणि फोनवर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपचा निरोप: माहिती दहा वाजेपर्यंत भरावी, निरंक (काहीच नाही) असल्यास निरंक कळवावे. त्यात हे आणखी एक काम वाढवून ठेवलं की ती बिचारी संध्याकाळी त्याचाही हिशेब मांडते आणि तिथेही निरंक. म्हणून मी तुम्हाला शोधायला सांगणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. त्या नोकरीतच दोन लेकरं वाढवली, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदांत साधनव्यक्ती म्हणून इतर शिक्षकांबरोबर पुष्कळ बसले. तुमचा हा प्रश्न तिथे चहाच्या वेळी, बाजूला घेऊन, आवाज खाली करून कितीतरी जणींनी विचारलाय. पुरुषही विचारतात. ते फक्त "डोकंच चालंना झालंय बघा मॅडम" असं म्हणतात.

आधी एक गोष्ट तपासून बाजूला ठेवू. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, आवडीची गोष्टही नकोशी वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कारण नसताना रडू येत असेल, तर ते छोट्या आनंदांचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. जगणं नको वाटत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. आणि हे काहीच नसलं तरी एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. आपल्या बायकांत रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की सकाळपासून गळून गेलेलं असणं हा आपला स्वभावच आहे असं आपण धरून चालतो. लोहाच्या गोळीने जे बरं होणार आहे त्यासाठी मनाला दोष कशाला द्यायचा?

ते सगळं ठीक निघालं असं समजून पुढे बोलते.

आपला पेशाच चुका धरण्याचा आहे. दिवसभर वह्या तपासायच्या, बेरजेतला हातचा राहिला का बघायचं, वेलांटी पहिली की दुसरी बघायचं, रांग वाकडी झाली की सरळ करायची. हे करावंच लागतं, त्यासाठीच पगार मिळतो. पण वर्षानुवर्षं हेच केल्यावर डोळ्यांना तेच वळण लागतं. समोर काहीही आलं की आधी त्यातलं चुकलेलं दिसतं. मग ती वही असो, भाजी असो, नवऱ्याने वाळत घातलेले कपडे असोत की लेकीचं अक्षर. रात्री तुम्हाला काही बरं आठवत नाही याचं मला दिसणारं कारण एवढंच आहे. बरं घडत असतं, पण तुम्ही ते तपासून पुढे सरकवलेलं असतं. तपासलेल्या गोष्टीतली चूक लक्षात राहते, मजकूर राहत नाही.

शिक्षण परिषदेत मी एक खेळ घ्यायचे. तिसरीतल्या एका मुलीच्या वहीतल्या चार ओळींची छायाप्रत सगळ्यांना वाटायची आणि म्हणायचं, वाचा. सूचना एवढीच. त्या ओळी अशा होत्या:

"माज्या आजीला दात नाहीत. हुरडा आसल्यावर ती नुसता वास घेती. मी मनलं चाऊन दिऊ का. आजी लई हासली."

कागद हातात पडताच खिशातून पेन निघायचे. 'माज्या'ला गोल, 'आसल्यावर'ला गोल, 'मनलं', 'दिऊ', 'हासली'. दोन मिनिटांत सगळ्यांचं काम आटोपलेलं असायचं आणि चुका किती निघाल्या यावर चर्चा सुरू व्हायची. 'घेती' ही चूक धरायची की बोली, यावर तर दोन गट पडायचे. मग मी कागद उलटे ठेवायला लावायचे आणि विचारायचे, मुलीने काय लिहिलंय? बऱ्याच जणांना सांगता यायचं नाही. आजीबद्दल काहीतरी आहे, इतकंच. मग पेन दप्तरात ठेवायला लावून पुन्हा वाचायला सांगायचे. या वेळी खोलीत आधी एक जण हसायचा, मग दुसरी. एकदा एका गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, आमची म्हातारी असंच करायची, हुरडा भाजायच्या आगटीपाशी बसायची आणि नुसता वास घ्यायची. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं कुणीही ना बदलीचा विषय काढला ना ऑनलाइन कामांचा.

कागद तोच होता, वेळ तेवढाच लागला होता, आणि कुणी काही शोधायला गेलं नव्हतं. पेन तेवढा हातात नव्हता.

तर तुमच्यासाठी पहिलं काम हे. रोज एक वही पेन न धरता वाचायची. बाकीच्या नेहमीसारख्या तपासा, त्यात काही बदलू नका, नाहीतर पालकही विचारतील आणि साहेबही. ही एकच वही वेगळी. कुणाची घ्यायची हे हजेरीच्या क्रमाने ठरवा. आपल्या मनाने निवडायला गेलो की नेहमीची चार हुशार लेकरंच हाताला लागतात, आणि खरी गंमत बहुतेक वेळा शेवटच्या रांगेतल्या वहीत असते. वेळ मधल्या सुट्टीतली, खिचडी वाटून झाल्यावरची. लेकरं ताटं धुवायला गेलेली असतात तेवढी पाच मिनिटं मिळतात.

वाचून झाल्यावर खाली 'छान' लिहू नका, स्टारही काढू नका. तोही शेराच झाला. मजकुराला उत्तर द्या. वरच्या वहीत मी असते तर लिहिलं असतं, "मग आजीने काय खाल्लं?" दुसऱ्या दिवशी त्या मुलीने उत्तर लिहून आणलं नाही तर सांगा. लेकरू वही उघडून आधी तुमची ओळ वाचतं, मग शेजाऱ्याला दाखवतं, मग जागेवरूनच ओरडून सांगतं, "मॅडम, तिनं हुरड्याचं थालीपीठ खाल्लं!" हे रोज एक. महिन्याभरात सगळा वर्ग एकदा होतो.

हे फार किरकोळ वाटेल. किरकोळच आहे, आणि तसंच असलेलं बरं. एड डीनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९९१ मध्ये मांडलेला मुद्दा मला फार पटतो: माणूस सुखी आहे की नाही हे आनंद किती मोठा झाला यापेक्षा तो किती वेळा झाला यावर जास्त ठरतं. आपण मात्र सगळं मोठ्यावर लावून बसतो. सोयीची शाळा मिळाली की, घराचा हप्ता फिटला की, लेकीचा नवोदयला नंबर लागला की. ते होईलही. पण मोठ्या आनंदाची सवय माणसाला फार लवकर होते. सोयीच्या शाळेवर बदली झालेल्या शिक्षकाला सहा महिन्यांनी भेटा, तो तिथलंही गाऱ्हाणंच सांगत असतो.

आता फोटोंबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्या शाळांतला बराचसा आनंद तिथे खर्च होतो. २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' सुरू झाला. कल्पना चांगली आहे: पहिली ते आठवीच्या लेकरांनी शनिवारी दप्तराचं ओझं बाजूला ठेवावं, खेळावं, कला करावी, प्राणायाम करावा. पण प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी काय होतं ते तुम्ही-आम्ही जाणतो. लेकरं मातीचे बैल करण्यात रमलेली असतात आणि आपण म्हणतो, "थांबा थांबा, सगळ्यांनी बैल वर धरा. हसा. ए, तू मागं हो." फोटो ग्रुपवर गेला, काम झालं. त्या मुलाच्या बैलाचं शिंग तुटलं होतं आणि तो ते थुंकी लावून चिकटवत होता, हे बघायचं राहून गेलं. माझा फोटोला विरोध नाही, अहवाल द्यावाच लागतो. फक्त दिवसातली एक तरी गोष्ट अशी ठेवा जिचा फोटो काढायचा नाही, स्टेटसला लावायची नाही, उपक्रम म्हणून नोंदवायची नाही. लेकरांना हा फरक लगेच कळतो. कॅमेरा नसला की ती तुमच्याकडे वेगळंच काही घेऊन येतात. मला तर एकाने मुठीत धरून काजवा आणून दिला होता, भर दुपारी. "रातीला चमकतो मॅडम, तुमी घरी न्या."

तुमच्या शाळेत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं असतील की नाही ठाऊक नाही. बीडच्या बाजूला आणि धाराशिवच्या काही तालुक्यांत दिवाळी झाली की वर्गच्या वर्ग अर्धे होतात. काही लेकरं हंगामी वसतिगृहाच्या सोयीने आजी-आजोबांपाशी राहतात, बाकीची आई-बापाच्या कोयत्याबरोबर तोडीला जातात आणि फाल्गुन-चैत्रात परत येतात. आल्यावर आपण आधी काय बघतो? किती मागे पडला. वाचता येतं का, पाढे राहिलेत का. हे बघायलाच हवं, त्यात चूक काही नाही. पण त्याच्या आधी दोन दिवस नुसतं ऐकून बघा. कर्नाटकातल्या कारखान्यावरून आलेला एक चौथीतला पोरगा माझ्या वर्गात परतला. शाळेत तसा तोंड न उघडणारा. परिपाठाला मी सहज म्हटलं, तिकडं काय शिकलास सांग. तो उभा राहिला आणि ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु करत दहापर्यंत गेला. मग आठवडाभर सगळा वर्ग कानडीत मोजत होता. लगोरीचे दगडही कानडीत, खिचडीच्या रांगेतले नंबरही कानडीत. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी वैतागून मला विचारलं, "ही लेकरं काय बोलायलेत हो मॅडम, मला शिव्या तर देईनात?" माझ्या नोंदवहीत तो पोरगा 'अप्रगत' होता. नोंद बरोबरच होती. पण मला पोरगा आठवतो तो मोजताना.

अप-डाऊनबद्दल थोडंसं. चार जणी मिळून गाडी करून जात असाल तर त्या गाडीत काय बोललं जातं मला ठाऊक आहे: बदली, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, महागाई भत्ता, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची पेन्शन. ही गाऱ्हाणी खरी आहेत, ती बोलू नका असं मी म्हणणार नाही. ती जाताना बोला. येताना प्रत्येकीने वर्गातलं एक काहीतरी सांगायचं, लेकरू काय म्हणालं एवढंच. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००४ साली केलेल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलं होतं की चांगली घटना कुणाला सांगितली की घटनेच्या आनंदावर आणखी भर पडते, आणि ऐकणारा मनापासून रस घेत असेल तर जास्तच. 'हो का' म्हणून फोनमध्ये बघणाऱ्याला सांगून उपयोग नाही. एखादीला नसेल सांगायचं तर सांगू नये, सक्ती केली की तीही शिक्षण परिषद होते. आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघा, थंडी पडली की तुरी फुलतात, मग करडई पिवळी होते, शिमग्याच्या सुमारास पळस. बालाघाटचा डोंगर ज्यांच्या रस्त्यात आहे त्यांना तर सीताफळंही मिळतात.

आता घर. मला खरी काळजी तिथली वाटते.

शिक्षकाच्या घरात एक विचित्र गोष्ट घडते. शाळेतल्या तीस लेकरांच्या पटावर आपलं लेकरू एकतिसावं होऊन बसतं. लाल पेन घरीही येतो. त्यात तुम्ही लातुरात राहता. संध्याकाळी ट्यूशन एरियातून स्कूटी काढून बघा, रस्ताभर दप्तरं लटकवलेली पोरं आणि भिंतींवर नंबर आलेल्यांचे फोटो. लातूर पॅटर्नच्या गावात पाचवीतल्या मुलीच्या आईने शांत राहावं ही अपेक्षाच जास्तीची आहे. तरी नवोदयचा पेपर काय आहे ते एकदा थंड डोक्याने बघा: ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे म्हणजे आकृत्यांचे. तिला रोज ठरलेला तास-दीड तास नेमाने बसवलंत तर त्याची तयारी होते. उरलेले घरातले तास पेपरचे नाहीत. शाळेतून आल्यावर चपला काढता काढता "गणितं झाली का?" हे जे आपोआप तोंडून निघतं ना, तेवढं थांबवा. चहा होईपर्यंत अभ्यासाचं काही विचारायचं नाही, एवढाच नियम. त्या दहा मिनिटांत ती काय बोलते ते बघा. सुरुवातीचे काही दिवस काहीच बोलणार नाही, कारण आईला फक्त गणितं ऐकायची असतात हे तिला पाठ झालेलं असणार. नंतर बोलेल.

आठवड्यातून एकदा धपाटे करा. मुद्दाम धपाटे म्हणते, कारण त्यात सगळ्यांना काम आहे आणि चुकायला भरपूर जागा. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन आणि गव्हाचं, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, कोथिंबीर. पीठ लेकीला भिजवू द्या. पाणी जास्त झालं तर ती स्वतःच पीठ घालेल, पीठ जास्त झालं तर पाणी, आणि शेवटी चार माणसांच्या जागी सातांचं होईल. होऊ द्या. ओलं फडकं पोळपाटावर पसरून तिला थापू द्या, महाराष्ट्राचा नकाशा झाला तरी हात लावू नका. आणि मधे बोटाने भोकं पाडायचं काम धाकट्याचं. पहिलीतल्या मुलाला इतकं महत्त्वाचं काम घरात दुसरं मिळत नाही. तो मोजून पाडेल, मग डोळे-नाक-तोंड करेल, मग म्हणेल हे पप्पांचं धपाट, हे माझं, आणि फडकं उलटं करून तव्यावर टाकताना त्या तोंडाचं काय होतं हे बघायला ओट्याला लटकून उभा राहील. तुमचं काम तवा सांभाळायचं आणि त्याचे हात मागे ठेवायचं. बाकी 'असं नाही, असं' हा शब्दप्रयोग त्या तासाभरापुरता बंद. जमत नाही, हे आधीच सांगते. जीभ शिवशिवते. पण लेकीने काढलेलं जाडजूड, एका बाजूला करपलेलं धपाट दह्याबरोबर खाताना ती तुमच्या तोंडाकडे बघत असते, आणि त्या वेळी तुम्ही मॅडम नसता.

इथे एक कडू बोलते. तुम्ही प्रश्नात घरकामाचं काहीच लिहिलं नाही. पाच वाजता उठून चार डबे कोण करतं हे लिहावंसंच वाटलं नाही, याचा अर्थ तुम्हीच करता. आपल्या गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता विठ्ठलाशी बोलायची, कामातच तिला तो भेटला, असं सांगून बायकांना आनंदाने काम करायला लावणारे पुष्कळ भेटतात. ते लोक एक विसरतात: जनाबाईच्या गोष्टीत विठ्ठल जात्याला हात लावतो. शेजारी बसून 'चहा झाला का गं' म्हणत नाही. तेव्हा घरातल्या विठ्ठलाला सकाळचा चहा, एक डबा आणि धाकट्याची आंघोळ एवढं वाटून द्या. तो डबा कसाही भरला तरी उघडून दुरुस्त करायचा नाही. पुरेशी झोप न झालेल्या माणसाला कसलाच आनंद दिसत नाही. छोटे आनंद हे कामाच्या वाटणीला पर्याय म्हणून कुणी सांगत असेल तर ऐकू नका, मी सांगितलं तरी.

लिहून ठेवायचं का, असंही काही जणी विचारतात. कृतज्ञतेची डायरी वगैरे. ठेवा, पण रोज नको. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना तसा झाला नाही. रोजचं झालं की टाचण, म्हणजे रोजच्या पाठाची नोंद, होतं, आणि टाचण आपण कसं काढतो ते एकमेकींना सांगायला नको. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर टाचणवहीच्या मागच्या पानावर दोन-तीन ओळी पुरेत. 'आज खूप आनंद झाला' असं लिहू नका, पुढच्या वर्षी वाचून काहीच आठवणार नाही. कोण काय म्हणालं तेवढं लिहा, त्याच्याच शब्दांत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लेकरांच्या घरचं सोयाबीन गेलेलं असताना हे शोभतं का.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, देशभर बातमी झाली. त्या दिवसांत घरोघर आंघोळीचं पाणी परातीत धरून त्यानेच भांडी, त्यानेच संडास असं चाललं होतं. टँकर गल्लीत आला की मोठी माणसं घागरींवरून भांडायची आणि लेकरं टँकरच्या गळक्या तोटीखाली डोकी धरून खिदळायची. एखादी आई पाठीत धपाटा घालायची, आणि घालता घालता तिलाच हसू फुटायचं. त्या हसण्याने टंचाई कमी झाली नाही. पण लेकरांनी परवानगी मागितली नव्हती, आणि कुणाला ते अशोभनीयही वाटलं नाही.

ज्या लेकराच्या घरी सध्या बाप गप्प बसून असतो आणि आई कर्जाचं बोलते, ते दिवसाचे सहा तास तुमच्या वर्गात असतं. त्याला तुमचाही चेहरा तसाच दिसावा असं तुम्हाला वाटतं का? तुम्ही त्याच्या वहीवर हसलात, त्याला प्रश्न लिहून दिलात, तर त्याच्या दिवसात घरात नसलेलं काहीतरी आलं. ते करताना दोन पथ्यं पाळा. पालकांना 'आनंदी राहा, सकारात्मक राहा' असलं काही सांगू नका. बैठकीत तर मुळीच नको. त्यांना नुकसानीच्या अर्जाचं, आधार बँक खात्याला जोडण्याचं, शिष्यवृत्तीच्या फॉर्मचं काही अडलं असेल तर ते करून द्या. आणि भिजलेल्या पुस्तकांची, फाटलेल्या दप्तरांची सोय वर्गात सगळ्यांसमोर गाजावाजा करून करू नका.

बाकी शोभण्याचा प्रश्न आपल्या लातूर-धाराशिवकडच्या लोकांनी फार आधी सोडवलेला आहे. मार्गशीर्षातली अमावस्या, आपली येळवस म्हणजे वेळ अमावस्या, कोणत्या साली चुकली ते सांगा. सुगीच्या वर्षी होते आणि पडत्या वर्षीही होते. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, बिंदग्यात आंबील, ओला हरभरा-वाटाणा-तुरीचे दाणे घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आणि ज्यांना रान नाही त्यांना आवर्जून बोलावायचं. ज्याचं पीक गेलं तोही बांधावर उभा राहून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला "या की जेवायला" म्हणतो. त्या दिवशी लातूर शहरात दुपारी कुत्रं दिसत नाही रस्त्यावर.

यंदा तुम्ही शाळेच्या गावी जा. लेकरांच्या घरून निमंत्रण असतंच, आणि 'कुणाकुणाकडे जायचं, सुट्टी आहे तर घरची कामं उरकू' म्हणून आपण टाळतो. टाळू नका. दोन्ही पोरांना घेऊन जा, नवऱ्यालाही. नवोदयची पुस्तकं घरी. प्रत्येक कोपीत दोन घास भज्जी आणि वाटीभर आंबील घ्यायची, पोटभर एकाच ठिकाणी जेवलात तर पुढच्याला राग येतो. वर्गात पाढे न येणारा पोरगा तुमच्या लेकीला हरभरा कसा सोलायचा, विहिरीत कुठून डोकवायचं, कुठल्या बोरीची बोरं गोड हे दाखवेल, आणि ती त्याचं ऐकेल. तुम्हाला तिथे काही तपासायचं नसतं.

फक्त कुणाच्या रानात आधी जाणार हे वर्गात अगोदर सांगू नका. त्यावरून पोरांची भांडणं लागतात, आणि मग ती आयांपर्यंत जातात.